माळ्यावरचा ॲनालॉग सिंथ: दुरुस्तीपासून विक्रीपर्यंत

घरात, नात्यात किंवा ओळखीच्या एखाद्या वादकाकडे जुना सिंथेसायझर सापडतो. वाजत नाही, किंवा अर्धामुर्धा वाजतो. दुरुस्त करून चांगल्या माणसाच्या हाती द्यावा असं मनात येतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत अशी वाद्यं सुधारताना जे उमगत गेलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. सोल्डरिंगची थोडी सवय असेल आणि मल्टिमीटर वापरता येत असेल, तर यातलं बरंच काम घरच्या टेबलावर होतं.

पहिल्या दिवशी एक वही घ्या आणि ती फक्त या वाद्यासाठी ठेवा. कुठला स्क्रू कुठून काढला, कुठल्या टोकावर किती व्होल्ट मिळाले, कुठला कंडेन्सर बदलला, सगळं तारखेसकट त्यात जायला हवं. जुन्या वाद्याचा भाव त्यात मूळ भाग किती उरलेत यावर ठरतो, आणि घेणाऱ्याचा विश्वास तुम्ही काय केलं ते दाखवू शकता का यावर. म्हणून हात कमीत कमी लावा, आणि लावाल तिथे नोंद करा. पुढचं सगळं याच्या आधाराने आहे.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे सिंथ म्हणून जे सापडतं त्यातलं पुष्कळसं ॲनालॉग नसतं. यामाहा डीएक्स-७ (१९८३), रोलँड डी-५० (१९८७), कॉर्ग एम-१ (१९८८) हे तिन्ही डिजिटल. वाद्यं फार गुणी आहेत, पण त्यांचे आजार वेगळे आणि भावही वेगळा. ॲनालॉग सिंथमध्ये आवाज घडवणारी साखळी प्रत्यक्ष व्होल्टेजवर चालते: ऑसिलेटर स्वर काढतो, फिल्टर त्याची धार कमी-जास्त करतो, ॲम्प्लिफायर त्याचा चढउतार ठरवतो. पॅनलवर या तिघांसाठी अनुक्रमे व्हीसीओ, व्हीसीएफ, व्हीसीए अशी अक्षरं आणि त्यांच्याखाली स्लायडर किंवा नॉब दिसले, तर वाद्य बहुधा ॲनालॉग आहे.

डीसीओ (डिजिटल घड्याळाच्या ताब्यातला ऑसिलेटर) लिहिलेलं दिसलं म्हणून ते डिजिटल समजू नका. रोलँड ज्युनो-१०६ (१९८४) मध्ये लहर ॲनालॉग सर्किटच तयार करतं, तिची वारंवारता मात्र डिजिटल घड्याळ ठरवतं. म्हणून त्याचा सूर उन्हाळ्यातही ढळत नाही. कॉर्ग डीडब्ल्यू-८००० (१९८५) अधल्यामधल्या जातीचा: लहर डिजिटल, फिल्टर ॲनालॉग.

मागची किंवा खालची प्लेट पुसून तिचा स्पष्ट फोटो घ्या. मॉडेल, सिरीयल नंबर आणि व्होल्टेज या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर.

मिळवताना

नौपाडा, चरई, कोपरीतली जुनी घरं, वाशी-नेरुळच्या सिडको वसाहती, आखातात नोकरी करून परतलेली कुटुंबं, बंद पडलेले छोटे रेकॉर्डिंग स्टुडिओ, चर्चमधले वादकगट: शोध बहुतेक वेळा अशा ठिकाणी लागतो, आणि तोही तोंडी चौकशीतून. ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे गेलात तर घाई करू नका. वाद्याबद्दल ते जे सांगतील ते ऐकून घ्या. कुठल्या साली घेतलं, कुठून आलं, आधी कुणी उघडलं होतं का, हे पुढे दुरुस्तीतही उपयोगी पडतं.

एक प्रसंग हमखास येतो. काका उत्साहाने वायर घेऊन येतात: "अरे, लावून बघ की! वीस वर्षांपूर्वी मस्त वाजत होता." त्यांना नम्रपणे सांगा, "काका, आज नको. आधी आतून बघतो, मग तुमच्यासमोरच वाजवतो." वर्षानुवर्षं बंद असलेला सिंथ थेट प्लगला लावणं हाच त्याला सगळ्यात मोठा धोका.

वीज न लावताही पुष्कळ कळतं. पट्ट्या सगळ्या एका पातळीत आहेत का, दाबल्यावर परत येतात का. स्लायडर अडकतात का. हलवल्यावर आत काही सुटं खडखडतं का. वास घ्या: आंबूस, रासायनिक वास बॅटरी गळल्याचा असू शकतो, कुबट वास ओलीचा. आपला परिसर खाडीकाठचा. पावसाळ्याचे चार महिने स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर काढलेल्या वाद्यात गंज आणि बुरशी असणार हे गृहीत धरा. झुरळांनी आत घर केलं असेल तर त्यांची घाण बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर, म्हणजे ट्रॅकवर, साचते, ओल धरते आणि तांबं खाते. यातलं जे दिसेल त्यावरून भाव बोला, पण वाद्य ज्यांनी जपलं त्यांना पाडून बोलू नका.

एकसष्ट पट्ट्यांचा सिंथ साधारण एक मीटर लांब आणि दहा-एक किलोचा असतो. जाड चादरीत गुंडाळून रिक्षात आडवा बसतो. ठाणे-वाशी लोकलने आणायचा असेल तर भर दुपारची गाडी धरा.

वीज: इथे घाई नको

सगळ्यात जास्त वाद्यं इथे मरतात, म्हणून हा भाग सविस्तर.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानी बाजारातला सिंथ १०० व्होल्टचा, अमेरिकी ११७ किंवा १२० व्होल्टचा. प्लेटवरचा आकडा प्रमाण माना, प्लगचा आकार नाही. कारण मधल्या काळात कुणीतरी आपला तीन पिनांचा प्लग लावून दिलेला असू शकतो. १०० व्होल्टच्या वाद्याला १०० व्होल्टचाच स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) हवा. बाजारात ११० किंवा १२० चा सहज मिळतो आणि "चालतं हो" असं सांगून गळ्यात मारला जातो. त्यावर वाद्य वाजतंही, पण आतले रेग्युलेटर जास्तीचा दाब उष्णता करून टाकत राहतात आणि लवकर जातात. वारंवारतेची चिंता जपानी वाद्यांत नको. त्या देशात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ असल्याने ती दोन्हींवर चालतील अशीच बनतात.

ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्याचा, हाताला जड लागणारा घ्या. ज्युनोसारख्या सिंथला १०० व्हीएचा भरपूर झाला. इस्त्री आणि हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर वापरू नका. त्यांच्यातून येणारी लहर तुटकी असते, आणि ती तापणाऱ्या वस्तूंपुरतीच ठीक. वाइंडिंग करणारा कारागीर ओळखीचा असेल तर त्याच्याकडून १०० व्होल्टचा बनवून घेता येतो. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत असं काम करणाऱ्यांची चौकशी करा. मुंबईला जाणार असाल तर लॅमिंग्टन रोड आहेच. कंडेन्सर, आयसी, सोल्डर विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), सगळं एका फेरीत होतं.

नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे सिंथही असतात. रोलँडचा एसएच-१०१ (१९८२) त्यातलाच. त्याच्या प्लगमध्ये मधली पिन ऋण असते. आपल्याकडचे कित्येक साधे अडॅप्टर मधे धन असलेले. लावण्याआधी मीटरने तपासा.

आता उघडणं. वायर भिंतीतून काढा आणि काही मिनिटं थांबा. खाली कोरडी रबरी मॅट, पायात चप्पल. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी बसून हे काम करायचं नाही. मेन्स स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी भाग आधी डोळ्यांनी शोधून काढा. जुन्या वाद्यांत ही टोकं उघडी असतात, आणि प्लग लावलेला असेपर्यंत स्विच बंद असूनही त्यातल्या काहींवर वीज असते. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमधला विजेचा साठा १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून जाऊ द्या. स्क्रूड्रायव्हरने टोकं शॉर्ट करून ठिणगी पाडू नका.

फ्यूज काढून त्याचं मूल्य बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर त्या वाद्याचा आधी कुणीतरी जुगाड केला आहे हे समजा आणि पुढे दुप्पट सावध राहा.

चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. कुठलाही जुना इलेक्ट्रिशियन तो बनवून देतो: साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब वाद्याच्या वाटेत सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बोर्ड स्टेपडाउनच्या आधी, २३० च्या बाजूला जोडा. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद करा. बल्बने तो धक्का स्वतःवर घेतला, वाद्यातलं सर्किट वाचलं.

बऱ्याच सिंथमध्ये पॉवर सप्लायचा बोर्ड कनेक्टरने बाकीच्या बोर्डांना जोडलेला असतो. आधी तो कनेक्टर काढून फक्त सप्लाय चालू करा आणि मोजा. ज्युनो-१०६ मध्ये +१५, −१५ आणि +५ व्होल्ट मिळायला हवेत. बाकीच्या मॉडेलचे आकडे त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. मॅन्युअल मिळवल्याशिवाय काम सुरूच करू नका. बहुतेक लोकप्रिय मॉडेलची स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर मिळते, ती छापून घ्या. शेवटचं मोजमाप बल्ब काढून करा, कारण बल्ब थोडा दाब खातो.

मग त्याच टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावून रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची थरथर, बघा. काही मिलिव्होल्ट असेल तर उत्तम. शेकड्यात गेला तर फिल्टर कंडेन्सर सुकलेत. स्पीकरमध्ये याचीच खर्जातली घरघर ऐकू येते, १०० हर्ट्झची, कारण ब्रिज रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो.

दोन पिनांच्या वाद्याला अर्थिंग नसतं, म्हणून धातूच्या पॅनलला हात लावल्यावर मुंग्या येऊ शकतात. अर्थिंग जोडण्याचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि वहीत लिहा.

बॅटरी आणि कंडेन्सर

प्रोग्रॅम साठवणाऱ्या सिंथमध्ये आत एक बॅटरी असते. कॉर्ग पॉलिसिक्स (१९८१) हातात आला तर सगळं सोडून आधी केएलएम-३६७ हा बोर्ड बघा. त्यावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते, आणि गळलेला क्षार आजूबाजूचे ट्रॅक, सॉकेटचे पाय, आयसी खाऊन टाकतो. पॉलिसिक्स बंद असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. बॅटरी कापून काढा. हिरवट-पांढरी भुकटी मऊ ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर थेंबाथेंबाने लावून क्षार मारा, डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा. हातमोजे घाला, कॅडमियम विषारी आहे. मग प्रत्येक ट्रॅक मीटरच्या बीपवर तपासा. वरून हिरवा लेप शाबूत दिसतो आणि खाली तांबं संपलेलं असतं. तुटलेल्या ट्रॅकला बारीक तारेचा जंपर द्या. जंपर दिसला तरी चालतो, पण तो सरळ आणि नीट असावा.

ज्युनो-१०६ ची बॅटरी ३ व्होल्टची लिथियम, सीआर२०३२. ती गळत नाही, नुसती संपते. बदलण्याआधी प्रोग्रॅम वाचवा. मागच्या टेप सेव्ह जॅकमधून येणारा किरकिराट कॉम्प्युटरवर डब्ल्यूएव्ही म्हणून रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि तोच पुन्हा लोड करता येतो. एमपी३ करू नका. जुन्या मालकाने स्वतः बनवलेले आवाज त्यात असू शकतात आणि ते एकदा पुसले की कायमचे गेले. नवी बॅटरी होल्डरमध्ये बसवा, म्हणजे पुढच्याला सोल्डरिंग आयर्न काढावं लागणार नाही.

कंडेन्सरबाबत माझं मत ठाम आहे: सगळे सरसकट बदलू नका. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक बदला. फुगलेले, गळलेले, मीटरला कमी दाखवणारे बदला. नवे १०५ अंशाचे घ्या, क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि ऋणाची पट्टी बघूनच बसवा. ऑडिओच्या वाटेतले चांगले चालणारे कंडेन्सर तसेच राहू द्या. चाळीस वर्षांचा बोर्ड फार उष्णता सोसत नाही. शंभर कंडेन्सर काढताना दहा पॅड (सोल्डर बसतं त्या तांब्याच्या टिकल्या) उचलले गेले तर आजारापेक्षा औषध भारी पडतं. सप्लायच्या लाइनवर टँटलम कंडेन्सरचे छोटे रंगीत मणी असतील तर ते मात्र तपासा. ते जाताना शॉर्ट होऊन जातात आणि अख्खी लाइन खाली ओढतात.

सोल्डरिंग आयर्न तापमान ठरवता येणारं हवं, साधारण ३५० अंश. जुन्या सांध्यावर आधी थोडं ताजं सोल्डर द्या, मग विक किंवा पंपाने ओढा. कनेक्टरच्या पायांशी ड्राय सोल्डर शोधा. भिंगातून सांध्याभोवती बारीक गोल भेग दिसते. "मधेच बंद पडतो, थापटलं की चालतो" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

आवाज परत आणणं

सप्लाय पक्का झाला की मगच स्वराकडे वळा. हा क्रम उलटा केला तर चांगल्या आयसीवर संशय घेत दिवस जातात.

ज्युनो-१०६ चं उदाहरण घेऊ, कारण त्याचा आजार ठरलेला आहे. सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी सहा स्वर वाजवणारी सहा सर्किट, आणि प्रत्येकासाठी ८००१७ए हे फिल्टर-ॲम्प्लिफायरचं मॉड्यूल, काळ्या रेझिनमध्ये बुडवलेलं. वर्षं गेली की त्या रेझिनमधून विजेची गळती सुरू होते. लक्षणं अशी: दर सहावा स्वर गायब, किंवा पट्टी सोडली तरी एक स्वर घुमत राहतो, किंवा फटफट, खरखर. कुठला व्हॉइस ते शोधण्यासाठी की ट्रान्स्पोजचं बटण दाबून धरा आणि वाद्य चालू करा. टेस्ट मोड सुरू होतो. आता एकेक पट्टी दाबत गेलं की व्हॉइस क्रमाने येतात आणि डिस्प्लेवर क्रमांक दिसतो. सहाही ऐका, वहीत लिहा.

उपाय दोन. एक, मॉड्यूल काढून ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायचं. एक-दोन दिवसांत रेझिन मऊ होतं आणि हळूहळू सोलता येतं. आतले चिमुकले भाग निघून येऊ शकतात, म्हणून ओढाओढ नको. ॲसिटोन चटकन पेट घेतं. गॅसजवळ, देवघराजवळ, बंद खोलीत अजिबात नको. दोन, नव्याने बनवलेलं पर्यायी मॉड्यूल आणून बसवायचं. वाद्य विकायचंच असेल तर माझी पसंती दुसऱ्याला, कारण सोललेलं मॉड्यूल किती टिकेल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. काढलेली मूळ मॉड्यूल पिशवीत घालून जपून ठेवा, ती वाद्याबरोबर जायची आहेत. मॉड्यूल बदललं की त्या व्हॉइसचे प्रीसेट (बोर्डावरचे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे नॉब) मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावावेच लागतात, नाहीतर सहांमधला एक वेगळाच वाजतो.

दुसऱ्या मॉडेलमध्ये दुसऱ्या आयसी. एसएच-१०१ मधली सीईएम ३३४० ही ऑसिलेटरची आयसी बरीच वर्षं दुर्मीळ होती, २०१६ मध्ये तिचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. लाटव्हियातली अल्फा कंपनी त्याच जोडणीची एएस ३३४० बनवते. म्हणजे "पार्ट मिळत नाहीत" म्हणून वाद्य भंगारात द्यायचे दिवस गेले. मात्र नकली आयसी पुष्कळ फिरतात. नाव पुसून नवं छापलेली, फारच स्वस्त दिसणारी घेऊ नका.

पट्टी दाबल्यावर कधी वाजते, कधी नाही, असं असेल तर बहुधा इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नसतो. पट्ट्यांखालच्या रबरी पट्टीवर कार्बनची टिकली असते, ती आणि बोर्डावरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर हळू पुसा. घासू नका, ॲसिटोन तर मुळीच नको. मिनीमूगसारख्या जुन्या वाद्यांत रबराऐवजी तारेचे संपर्क असतात. ते वाकवायचे नाहीत, नुसते स्वच्छ करायचे. पट्ट्यांखालचा फोम कित्येकदा चिकट काळा चिखल झालेला असतो. तो पूर्ण काढून त्याच जाडीचा फेल्ट लावा.

खरखरणाऱ्या स्लायडरला फेडरसाठीचं वंगणयुक्त क्लीनर थोडं मारा आणि वीस-तीस वेळा वरखाली करा. कपाटातल्या गंज काढायच्या साध्या स्प्रेचा मोह टाळा. त्याने आज आवाज सुधारतो, पण तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि आतलं मूळ ग्रीस धुऊन गेल्याने स्लायडर सैल होतो.

सूर लावणं

व्हीसीओ असलेलं वाद्य आधी अर्धा तास तापू द्या. पंखा बंद, एसी बंद, झाकण शक्य तितकं लावलेलं. खोलीचं तापमान बदललं की सूर हलतो. मे महिन्यातल्या दुपारी लावलेला सिंथ एसीच्या स्टुडिओत थोडा वेगळा लागणारच. एसएच-१०१ मध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक असं गणित आहे. मोबाइलवरचा ट्यूनर चालतो. खालचा स्वर ११० हर्ट्झला आणा, मग दोन सप्तकं वर जा. तिथे बरोबर ४४० यायला हवेत. कमी-जास्त आले तर विड्थचा प्रीसेट किंचित फिरवा आणि परत खाली या. खालचा हलला असेल, तो पुन्हा लावा. असं वरखाली करत दोन्ही टोकं जुळवायची. प्रीसेट फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर पेन्सिलची खूण करा. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर बरा.

यानंतर वाद्य रोज काही तास, आठवडाभर चालू ठेवा. जवळ बसून दुसरं काम करा. अधूनमधून सगळे व्हॉइस वाजवा. ट्रान्सफॉर्मरजवळ हात धरून उष्णता बघा. उरलेला दोष असेल तर तो बहुतेक याच आठवड्यात वर येतो, आणि तुमच्याकडे असतानाच यावा.

बाहेरच्या रूपाचं काम थोडकंच ठेवा. सौम्य साबणाचा ओलसर कपडा, नॉब काढून धुणं, लाकडी बाजू सुताराकडून पॉलिश. पिवळे पडलेले प्लास्टिकचे भाग पेरॉक्साइडने पांढरे करायचे व्हिडिओ दिसतात. मी ते टाळतो, रंग डागडागांचा होतो. पॅनलवरची छापील अक्षरं कुठल्याही रसायनाने पुसू नका.

किंमत आणि जाहिरात

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत वेगळी. रिव्हर्ब किंवा ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर खरोखर विकल्या गेलेल्या वाद्यांचे आकडे बघा, तेही त्याच मॉडेलचे आणि त्याच अवस्थेतले. परदेशातला आकडा जसाच्या तसा इथे मिळत नाही. गिऱ्हाईक कमी आहेत, आणि १०० व्होल्टचं वाद्य घेताना लोक कचरतात. दुसऱ्या बाजूने, बाहेरून मागवायचा तर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी लागते, त्यामुळे इथेच असलेल्या, वाजवून बघता येणाऱ्या वाद्याला मान आहे. खर्च जोडताना पार्टबरोबर आपल्या कामाचे तासही धरा. वहीत ते आहेतच.

एक व्हिडिओ न कापता करा. थंड वाद्य चालू करण्यापासून सुरुवात, मग एकेक व्हॉइस, एकेक स्लायडर, कोरसचा इफेक्ट चालू आणि बंद, शेवटी दोन मिनिटं नीट वाजवलेलं काहीतरी. आवाज थेट लाइनमधून घ्या, रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) इफेक्ट न लावता. फोटो दिवसाच्या उजेडात: समोरून, मागून, प्लेट, प्रत्येक ओरखडा, आणि उघडलेल्या बोर्डाचा एक. जाहिरातीत दोष आधी लिहा. "डावीकडचा कोपरा घासलेला, दोन व्हॉइसची मॉड्यूल नवी, मूळ मॉड्यूल सोबत, १०० व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरसह." अशी ओळ वाचून जो फोन करतो तो खरा गिऱ्हाईक.

वाद्याचा इतिहास सांगताना जपून. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वर राग वाजवून तबकडी काढली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. या देशाचं या वाद्यांशी नातं जुनं आणि अभिमानाचं आहे, म्हणूनच "हा अमुक चित्रपटात वाजला" असं पुराव्याशिवाय लिहिणं मला पटत नाही. जुनं बिल, स्टेजवरचा फोटो, कार्यक्रमाची पत्रिका असेल तर त्याच्या प्रती जोडा. नसेल तर मालकाने जे सांगितलं ते "मालकाच्या सांगण्यानुसार" असं लिहा.

गिऱ्हाईक, पैसे, पॅकिंग

पहिला मेसेज बहुधा "दादा, लास्ट किती?" असाच येतो. रागावू नका. "या, वाजवून बघा, मग बोलू" एवढंच लिहा. घोडबंदर रोडला किंवा खारघरला घरात स्टुडिओ थाटलेली मुलं येतात, अंधेरीहून प्रोग्रॅमर येतात. त्यांना हवा तेवढा वेळ वाजवू द्या. चांगले हेडफोन आणि खुर्ची तयार ठेवा. वही समोर ठेवा, पानं उलटू द्या. वाजवून झाल्यावर होणारी घासाघीस दोन्ही बाजूंना सोपी जाते.

पैसे खात्यात जमा झालेले स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा. वाद्य न बघता पूर्ण रक्कम देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसापासूनही लांब राहा. साध्या कागदावर मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. कुठल्या बिघाडाची किती दिवस जबाबदारी घेता, तेही त्यावर लिहा. मी महिनाभर घेतो. आठवडाभर चालवून बघितलेलं वाद्य असेल तर त्याचं ओझं वाटत नाही.

ट्रान्सफॉर्मर वाद्याबरोबरच द्या, आणि वाद्याच्या वायरला, प्लगजवळ, "फक्त १०० व्होल्ट" अशी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी सेलोटेपने गुंडाळून लावा. नव्या घरात पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी ती वायर थेट भिंतीत लावू नये म्हणून.

बाहेरगावी पाठवायचा असेल तर स्लायडरच्या टोप्या काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. पट्ट्यांवर फोमची सरळ पट्टी, सगळीकडून बबल रॅप, मग जाड खोका, मधे चारही बाजूंना किमान चार बोटं मोकळी जागा आणि ती फोमने ठासून भरलेली. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात तर नक्कीच. ट्रान्सफॉर्मर त्याच खोक्यात घालू नका, एका धक्क्यात तो पॅनल फोडेल. परदेशी पाठवताना लाकडी पेटी करणार असाल तर प्लायवूडची करा. सलग लाकडाच्या पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. पेटी बंद करण्याआधी आतल्या वाद्याचा आणि सिरीयल नंबरचा एक फोटो काढून घेणाऱ्याला पाठवा.